भागीरथाने न उचललेली रेती

भागीरथा रामटेके हिला स्ट्रीट नऊमधली माणसं तोंडावरून कमी आणि त्यांनी टाकलेल्या सामानावरून जास्त ओळखू यायची. ही काही तिची हौस नव्हती, कामच तसं होतं. रोजचा केर झाडूवाले नेत. पण मोडकी खाट, बूड गेलेला ड्रम, वाळवीने खाल्लेलं दार, असलं हातगाडीत न मावणारं सामान लोक समोरच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकायचे आणि पुढे त्यात विंचू निघायचे. म्हणून बासष्ट साली भिलाई टाउनशिपच्या ऑफिसने त्यासाठी वेगळे पैसे काढले आणि एक ट्रॅक्टर-ट्रॉली लावली. महिन्यातून एकदा, प्रत्येक रस्त्याचा दिवस ठरलेला. सुखराम ट्रॅक्टर चालवायचा, भागीरथा सामान चढवायची. फारच जड काही असलं तर सुखराम बिडी विझवून खाली उतरायचा. एरवी ती एकटीच.

चाळिशीची, उंच, काटक बाई. तिरोड्याजवळच्या खेड्यातून अठ्ठावन साली नवऱ्याबरोबर भिलाईला आली. नवरा लहानू याला भिलाई-३ च्या यार्डात रेल्वेची नोकरी लागली आणि भागीरथा रेजा म्हणून पोलाद कारखान्याच्या बांधकामावर गेली. तीन वर्षं डोक्यावर काँक्रीटची घमेली वाहिली. बांधकाम सरत आलं तशी बायांची छाटणी सुरू झाली आणि तिला या ट्रॉलीवर जागा आहे असं सांगण्यात आलं.

आठ दिवस ती गेली नाही. तिच्या बापाने, आज्याने गावची मेलेली ढोरं ओढली होती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन सगळे परत आले त्या दिवशी बापाने अंगणात उभं राहून सांगितलं होतं, आजपासून हे काम या घरात बंद. आणि आता कचऱ्याची ट्रॉली? लहानूने तिची घालमेल ओळखली.

"नसन वाटत तं नोको जाऊ," तो म्हणाला. "मी हावो ना कमवाले."

नवव्या दिवशी ती जाऊन आली. संध्याकाळी पाय धुता धुता म्हणाली, "हजेरी हाये, पगार हाये, इतवारची सुट्टी हाये. कोनाच्या दारात हात पसरा लागत नाई. हे काम हाये, दुसरं काई नाई." आणि तो विषय संपला.

त्रेसष्टच्या संक्रांतीनंतरच्या फेरीत चौदा नंबरच्या क्वार्टरसमोर एक खुर्ची ठेवलेली दिसली. ठेंगणी, लहान मुलाची असावी तशी. पण पाठ उंच, दोन्ही बाजूंना फळ्या आणि कमरेपाशी चामड्याचा पट्टा. कारखान्यासाठी रशियाहून यंत्रं येत ती पांढऱ्या, हलक्या लाकडाच्या मोठाल्या खोक्यांतून. त्याच लाकडाची ही खुर्ची होती. एका फळीवर त्या परक्या लिपीतली दोन अक्षरं अजून शाबूत होती. भिलाईतल्या निम्म्या घरांत त्या खोक्यांची फडताळं होती, पण ती ठोकाठोकीची असत. या खुर्चीचा सांधा कुठे आहे ते बोटालाही कळत नव्हतं. आणि ती मोडलेली नव्हती.

"अशी चांगली खुर्ची कावून फेकली असन?" भागीरथा म्हणाली.

"बड़े आदमी मन के बात," मोठ्यांचं मोठ्यांना ठाऊक अशा सुरात सुखराम म्हणाला आणि त्याने गिअर टाकला. तो दुर्गकडचा, आपल्या छत्तीसगढीतच बोलायचा.

पुढच्या महिन्यात त्याच घरासमोर चार बेअरिंगच्या चाकांची एक बुटकी गाडी होती. त्याच्या पुढच्या महिन्यात दोन समांतर दांड्यांची चौकट, लहान मुलाच्या काखेला येईल एवढ्या उंचीची. सुखरामला वाटलं, त्यात बकरी बांधत असतील. भागीरथाने मान हलवली, पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. चैत्रात पुन्हा खुर्ची आली. तिने बैठकीवर वीत टाकून पाहिली. पहिल्या खुर्चीपेक्षा ही दोन बोटं रुंद होती. पट्ट्याला जुन्या लुगड्याचं मऊ कापड शिवलेलं होतं, टोचू नये म्हणून.

म्हणजे या घरात कोणीतरी आहे. त्याला उभं राहता येत नाही, आणि ते वाढतं आहे.

पण चौदा नंबरच्या दारात तिने कधी मूल पाहिलं नव्हतं. पुढच्या तारेवर कधी झबलं, फ्रॉक वाळताना दिसला नव्हता. तिने सुखरामला काही सांगितलं नाही. खुर्ची मात्र ट्रॉलीत फेकली नाही, उचलून ठेवली.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास टाउनशिपच्या चार मैदानांसाठी मंजुरी आली. स्ट्रीट नऊसमोरची ती मोकळी जागा त्यांत होती. तिथला सगळा साठलेला पसारा काढायचा, जमीन सारखी करायची, दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक वरखाली होणारी फळी बसवायची आणि भोवती तारेचं कुंपण घालायचं. पसारा काढायचं काम ट्रॉलीकडे आलं. आठ खेपा झाल्या. खाटांचे सांगाडे, पत्रे, एक अख्खी फुटकी पाण्याची टाकी आणि तिच्याखाली सापाची कात. रस्त्यावरची मुलं प्रत्येक खेपेला ट्रॉलीमागे ओरडत धावायची.

सगळा रस्ता खुशीत होता. चौदा नंबरच्या सिंधुताईने मात्र ऑफिसात अर्ज दिला होता की हे मैदान इथे नको. मालक रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात, मुलांच्या गलक्याने झोप होणार नाही.

कामावर देखरेख करायला भय्याजी नावाचे ओव्हरसिअर येत. पन्नाशीचे, डोक्यावर सोला टोपी, नागपूरचे. त्यांनी तो अर्ज खिशातून काढून भागीरथाला वाचून दाखवला आणि हसले.

"रात्रपाळी तं अर्ध्या भिलाईची हाये. लेकराबाळांचं खेळनं पाह्यवत नाई काई लोकांले."

भागीरथा फावडं मारत राहिली. त्या घराचा पडदा हलला होता, आणि पडद्याच्या खालच्या बाजूने, खिडकीच्या अगदी काठाशी, एक लहान कपाळ आणि दोन डोळे तिला दिसले होते. क्षणभरच. मग पडदा सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुखराम भरलेली ट्रॉली घेऊन गेला आणि तो परत येईपर्यंत ती मोकळी होती. तिने चौदा नंबरचं दार वाजवलं आणि पाणी मागितलं.

सिंधुताई तिशीची होती. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली, नीटनेटकी, भुवया नेहमी आवळलेल्या. तिने पाण्याचा तांब्या आणून पायरीवर ठेवला. भागीरथा पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि विचारलं, "लेकरू किती वर्साचं झालं, ताई?"

सिंधुताईचा हात दाराच्या कडीवर गेला. "कोनं सांगतलं तुमाले?"

"कोनी नाई. खुर्च्यायनं."

दार लावून घ्यावं असं सिंधुताईच्या मनात आलं असावं, कारण ते अर्धं लागलंही. मग ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.

"सात," ती म्हणाली. "शालू नाव हाये. दोन वर्साची होती तवा ताप आला आन् पाय गेले. दोन्ही."

भागीरथा पायरीवर टेकली. आतून मालकांच्या घोरण्याचा आवाज येत होता. तो ऐकून सिंधुताईलाच थोडं ओशाळल्यासारखं झालं.

"यायची झोप तं भोंगा वाजला तरी मोडत नाई," ती म्हणाली. "अर्जात काईतरी लिवा लागते."

"हो जी."

"गावात लोकं काय काय बोलले. मांगच्या जन्माचं पाप म्हनत, माह्या पोटाले दोष देत. म्हनून इकडे आलो तं कोनाले सांगतलंच नाई पोरगी हाये म्हनून. कपडे बी मांगच्या आंगनात वाळवतो." ती पदराशी खेळत होती. "आतापर्यंत सामोरं उकिरडा होता ना, तं मले बरं होतं. पोरगी खिडकीत बसून बकऱ्या पाहे, ट्रॅक्टर पाहे. तुमाले तं ते ओळखते. लाल ट्रॅक्टरवाली बाई म्हनते. आता तिथं पोरं धावतीन, झुल्यावर बसतीन. दिवसभर. आन् ते इथून पाहीन."

भागीरथाने विचारलं, "खुर्च्या कावून फेकता? कोनी केल्या येवढ्या चांगल्या?"

"हेच करतात. सुतारशॉपमंधी हायेत, साचे बनवतात. सुताभराचा फरक चालत नाई त्यायले. खुर्ची केली का पोरीले बसवून पाहतात, कुठंतरी तिचं आंग कलते, मंग दुसरी कराले घेतात. जुनी घरात दिसली का जेवन जात नाई त्यायले."

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. भागीरथा उठली. आत खिडकीपाशी बसलेली शालू आता सरळ तिच्याकडे पाहत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, हनुवटीवर गोंदण. भागीरथाने हात हलवला. पोरीनेही हलवला.

त्या दिवसापासून भागीरथाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तिने भय्याजींना गाठलं.

"साहेब, दोन झुल्यातला एक पाठीचा करा ना. खुर्चीसारखा. दोन्हीकडून आड असलेला."

"एस्टिमेटमंधी सपाट फळीचे दोन हायेत," भय्याजी म्हणाले. "फळी बदलली तं मंजुरी परत वर पाठवा लागन, सहा महिने जातीन. कोनासाठी पायजे?"

तिने नाव सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात चौदा नंबरचे तेजराम, शालूचे वडील, स्वतःच मैदानावर आले. बुटके, जाड चष्म्याचे, बोलायला लाजणारे. पाठीच्या झोपाळ्याची गोष्ट भागीरथाने सिंधुताईच्या कानावर घातली होती, तिने त्यांना ती सांगितली असणार. त्यांनी झोपाळ्याच्या साखळ्यांचं माप घेतलं, आकड्यांची जाडी पाहिली आणि पंधरा दिवसांत खोक्याच्या लाकडाची एक झोपाळ्याची खुर्ची करून आणली. पाठ, हात, पुढे सरकणारी दांडी, सगळं घासून गुळगुळीत. भय्याजींनी ती पाहिली आणि म्हणाले, "हे तुमचं खासगी सामान हाये. मले काई दिसलं नाई." आणि दुसरीकडे पाहत उभे राहिले.

मैदान एका रविवारी सकाळी खुलं झालं. भागीरथाची सुट्टी होती, तरी ती मजुरांच्या कॅम्पातल्या आपल्या घरून चालत आली. शालूला तेजरामांनी खांद्यावर घेतलं होतं. चौदा नंबरमधून मूल बाहेर निघालेलं पाहून अख्खा रस्ता थबकला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. घसरगुंडीवरची मुलं वरच बसून राहिली. तेजरामांनी तिला खुर्चीत ठेवलं, दांडी सरकवली आणि हलकासा झोका दिला.

शालूने असा टाहो फोडला की कुंपणावरचे कावळे उडाले.

भिलाईत आल्यापासून तिला मागच्या अंगणापलीकडे कोणी नेलंच नव्हतं. पायाखाली जमीन नाही, समोर वीस अनोळखी पोरं, आणि सगळं हलतंय. तिने दांडी घट्ट धरली, डोळे मिटले आणि ती किंचाळत राहिली. सिंधुताई घरातून पळत आली, पोरीला ओढून छातीशी घेतलं, आणि भागीरथाच्या शेजारून जाताना तोंडाकडे न पाहता म्हणाली, "झालं समाधान?"

दाराची कडी लागल्याचा आवाज मैदानापर्यंत आला.

भागीरथा त्या दिवशी घरी गेली आणि तिने भाकरी थापल्या त्या सगळ्या करपवल्या. लहानू करपलेल्या खात होता. शेवटी तीच म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात हात घातला मी. मले काय कराचं होतं?"

"तुले तिचं बरं कराचं होतं," लहानू म्हणाला.

"मंग झालं का बरं?"

लहानूने आणखी एक करपलेली भाकर घेतली.

पुढचा फेरीचा दिवस मंगळवारी आला. भय्याजींच्या हातची चिठ्ठी सुखरामच्या खिशात होती. खांब पुरायला आणलेली शिवनाथ नदीची रेती कामानंतर उरली होती, ट्रॉलीभर, मैदानाच्या एका कोपऱ्यात कडुलिंबाखाली. ती उचलून मैदान साफ करायचं होतं. पावतीवर सफाई झाल्याची सही आधीच झालेली होती. नुसती उचलायची बाकी.

ट्रॅक्टर वळला तेव्हा तेजराम मैदानावर होते. मुलं शाळेत, मैदान रिकामं. ते झोपाळ्यावरून आपली खुर्ची उतरवत होते, पान्याने आकडे सोडवत. ती आता ट्रॉलीत जायची होती. दोन्ही हात कामात, म्हणून त्यांनी शालूला जवळच्या रेतीच्या ढिगावर बसवून ठेवलं होतं. सिंधुताई बाजारात गेली होती. नाहीतर तिने येऊच दिलं नसतं.

भागीरथा फावडं घेऊन ढिगापाशी आली आणि थांबली.

शालू कमरेपर्यंत रेतीत होती. पाय दिसतच नव्हते, तिने ते रेतीने झाकून टाकले होते. तिचं अंग कुठेही कलत नव्हतं. रेतीनेच तिला चारी बाजूंनी धरलं होतं. ती दोन्ही हातांनी एक बोगदा खणत होती, जीभ दातांत धरून, आणि खांद्यापर्यंत हात आत गेला होता.

"लाल ट्रॅक्टरवाली बाई," ती मान वर न करता म्हणाली, "इथून पानी निंगते. थंडी रेती लागून राह्यली."

भागीरथाने फावडं जमिनीवर टेकवलं. तेजरामांकडे पाहिलं. ते पाना हातात धरून पोरीकडे पाहत उभे होते आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या.

"चल ना बाई, भरो," सुखराम वरून म्हणाला.

"आज रेती नाई भरत."

"चिट्ठी में लिखे हे।"

"ट्रॉली मोठ्या सामानाची हाये. रेती कुठी मोठी हाये? दाना दाना हाये."

सुखराम हसला. मग ती हसत नाही हे पाहून त्याने बिडी पेटवली आणि खाली उतरून सावलीत बसला. झोपाळ्याची खुर्ची मात्र तिने चढवली. तेजरामांनी ती तिच्या हातात देताना एवढंच म्हटलं, "लाकडाचंच डोकं हाये माह्यं. रेती सुचली नाई."

निघता निघता शाळा सुटली. घंटा झाली आणि पोरं दप्तरं घेऊन धावत आली. तेजराम घाईने पोरीला उचलायला निघाले, पण मुलं आधी पोहोचली. त्याच वेळी सिंधुताई पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळली आणि जागच्या जागी उभी राहिली. भागीरथाने ट्रॉलीवर चढायला टाकलेला पाय परत खाली घेतला.

एक दात पडलेला पोरगा शालूसमोर उकिडवा बसला. "तू चौदा नंबर वाली है ना? तेरे पैर नहीं चलते?"

"नहीं," शालू म्हणाली.

"सुरंग बना रही है?"

"कुआँ भी है अंदर."

"तो तू उधर से खोद. मैं इधर से आता हूँ."

आणि त्याने फतकल मारली. मग दुसरा बसला. दोन पोरी आल्या, त्यांनी दप्तरं टाकली आणि रेतीत गुडघे रुतवले. पाच मिनिटांत त्या ढिगावर सात-आठ पोरं बसलेली होती आणि त्यांतलं एकही उभं नव्हतं. बोगद्यात दोघांची बोटं एकमेकांना लागली तेव्हा शालू हसली. मोठ्याने, खोकल्यासारखं, सवय नसलेल्या माणसाचं हसू.

सिंधुताईच्या पिशवीतून दोन वांगी रस्त्यावर घरंगळली. तिला पत्ता नव्हता. भागीरथाने ती उचलली, पदराने पुसली आणि तिच्या पिशवीत ठेवली.

पुढच्या महिन्यातही भागीरथाने रेती उचलली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. दरवेळी ट्रॉली काहीतरी कारणाने आधीच भरलेली असायची. सुखराम आता स्वतःच म्हणायचा, "आज तो जगह नइ हे."

फाल्गुनात भय्याजींनी तिला बोलावलं. मैदानाची पाहणी करायला वरचे साहेब येणार होते.

"सफाई झाली म्हनून मी सही केली, आन् रेती तिथंच! उद्या मले विचारतीन तं मी काय सांगू? तुह्यी तीन महिन्याची हजेरी कापाले सांगू का?"

"कापा," भागीरथा म्हणाली. "पन कापाच्या आधी एकदा शाळा सुटल्यावर येऊन पाहा, साहेब. झुले पाहू नोका. ते आमी बी पाह्यले. रेती पाहा."

भय्याजी चिडलेलेच होते, पण आले. नाल्यावरच्या लहान पुलाच्या कठड्यावर बसले, सोला टोपी गुडघ्यावर ठेवली. झोपाळ्यांवर दोघं-तिघं होते. बाकी सगळी पोरं कोपऱ्यात. शालू मधोमध बसून हुकूम सोडत होती. कोणी नळावरून डब्यात पाणी आणत होतं, कोणी काड्या. रेतीत शिवनाथ नदी, तिच्यावर पूल, पुलावर रूळ, आणि पलीकडे कारखाना. कारखान्याच्या धुराड्यांसाठी बांगड्यांचे तुकडे उभे रोवलेले. सिंधुताई तिथेच एका दगडावर बसून तांदूळ निवडत होती आणि मधूनमधून पोरांना दटावत होती, "डोळ्यात रेती नोका उडवू रे!"

भय्याजींनी तिला ओळखलं. अर्जावरचं नाव त्यांना आठवलं असणार. मग भागीरथाला म्हणाले, "हे पोरगी कधीपासून हाये इथं?"

"आधीपासूनच हाये, साहेब."

भय्याजींनी टोपी घातली आणि निघून गेले. तिची हजेरी कापली गेली नाही. पाहणीच्या कागदावर त्यांनी काय लिहिलं ते ऑफिसातल्या शिपायाने तिला सांगितलं. उरलेली रेती मुलांच्या वापरासाठी राखून ठेवली आहे. पुढल्या वर्षी मैदानांसाठी पैसे निघाले तेव्हा एस्टिमेटमध्ये एक ओळ वाढली. प्रत्येक मैदानावर विटांच्या काठाचा रेतीचा हौद, आणि दर पावसाळ्यानंतर एक ट्रॉली नवी रेती. ती रेती टाकायचं काम भागीरथाकडेच आलं.

सिंधुताईने त्या अर्जाबद्दल कधी माफी मागितली नाही, की त्या रविवारी बोललेल्या शब्दांबद्दलही. तो तिचा स्वभाव नव्हता. पण फेरीच्या दिवशी चहा ठेवलेला असायचा. आधी दारात, मग एका पावसात आत. तोंडाने तिखटच राहिली. भागीरथाला चहात साखर जास्त लागायची, त्यावरून टोमणे मारायची आणि दोन चमचे घालायची.

शालू नवव्या वर्षी शाळेत बसली. तेजरामांनी पुन्हा गाडी केली, या वेळी तीन चाकांची; दात पडलेला तो पोरगा आणि त्याचा भाऊ ती ढकलायचे आणि उतारावर सोडून द्यायचे. त्यावरून सिंधुताईने दोघांनाही एकदा बदडलं. पोरगी अभ्यासात मध्यम, गणितात कच्ची, पण बोलण्यात कोणाला हार जायची नाही.

सदुसष्ट साली तेजरामांना बढती मिळाली आणि दुसऱ्या सेक्टरात मोठा क्वार्टर मिळाला. तो रस्ता भागीरथाच्या फेरीत नव्हता. जायच्या आधीच्या रविवारी कॅम्पातल्या तिच्या झोपडीसमोर एक सायकल रिक्षा थांबली. सिंधुताई उतरली आणि तेजरामांनी शालूला उचलून आणलं. अकरा वर्षांची लांब पोरगी, त्यांना ती आता पेलत नव्हती.

भागीरथाची धांदल उडाली. गोधडी अंथरली, पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली.

"चहा कावून?" सिंधुताई म्हणाली. "जेवाले आलो. सांगतलं नाई कारन तुमी उगाच खर्च केला असता. काय रांधलं हाये ते वाढा."

सिंधुताईच्या माहेरी या वस्तीतल्या बाईच्या हातचं पाणीही चालत नसे, हे दोघींनाही ठाऊक होतं. "लाखोरीचं वरन हाये," भागीरथा म्हणाली, "आन् सुक्या बोंबलाची चटनी."

"मंग वाढा ना. पोरगी भुकेली हाये."

तेजराम खाली मान घालून जेवले. शालूने बोंबलाची चटणी संपवली आणि लहानूला रुळांविषयी विचारायला लागली. सिग्नल खाली पडतो तो कोण ओढतं, दोन गाड्या एकाच रुळावर आल्या तर काय, रूळ उन्हात लांब होतात हे खरं का. लहानू आयुष्यात इतकं बोलला नव्हता. त्याने ताटातलं वरण बोटाने सारून यार्ड काढून दाखवलं, कोणता रूळ कुठे फुटतो ते. सिंधुताईने दुसऱ्यांदा भात मागितला. भागीरथाने वाढला आणि ती चुलीपाशी परत जाऊन बसली, धुराचं निमित्त करून डोळे पुसत.

"वाढताना हात आखडू नोका," सिंधुताई मागून म्हणाली. "वरन बी आना."